आंधळ्या हत्तींची पेठ

माझं नाव सरूबाई. माहेर सोनारीचं, परांड्याकडची ती काळभैरवाची सोनारी. बाप रंगाचं काम करायचा. देवळाच्या लाकडाला रंग द्यायचा, पालखीचा दांडा रंगवायचा, आन लग्नसराई आली की भवतालच्या खेड्यांत लग्नाच्या भिंती काढायला जायचा. आता लग्नाची भिंत म्हणजे काय हे तुमाला सांगावं लागंल, तुमच्या वेळेला मांडववाला येतो, झालर लावतो, झालं. आमच्या वेळेला ज्या घरी लगीन त्या घराची म्होरली भिंत चुन्यानं पांढरी करायची आन दाराच्या दोन अंगाला दोन हत्ती काढायचे, सोंडेत हार, हत्तीम्होरं काठी घेतलेला चोपदार, दारावर राघू-मैना, खाली वेलबुट्टी. लांबून येणाऱ्याला कळायचं, या घरी लगीन हाय. गरिबानं पत्रिका कुठनं छापायची, भिंत हीच पत्रिका.

बापाला मुलगा न्हाय. म्हणून रंग कुटायला, डिंक भिजवायला मला संगं न्यायचा. शाळा माझी चौथीपर्यंत, निजामाचं राज होतं, मराठीची चार बुकं झाली आन उर्दूचं अलिफ बे झालं, त्यातलं मराठी ऱ्हायलं आन उर्दू गेलं. खरी शाळा भिंतीम्होरंच झाली. शिंदीची काडी घ्यायची, टोकाला चेचायची, तिचा कुंचला करायचा. लाल पाहिजे तर काव, पिवळी पिवडी, निळी नीळ, काळी काजळी, पांढरा चुना. पाच रंग, सहावा न्हाय. हत्ती पायापासून काढायचा, बाप सांगायचा, पाय वजन धरतात. लोक सोंडेपासून काढतात आन मग हत्ती डुकरावानी दिसतो.

आन डोळे आमी काढायचे न्हाईत. ही रीत. समदं चित्र झालं की डोळ्याची जागा कोरी सोडायची, आन हळदीच्या दिवशी त्या घरची सवाशीण येऊन काजळात काडी बुडवून डोळा उघडायची. डोळा उघडला की चित्र जितं झालं, लग्नघर झालं. म्या लहानपणी बापाला म्हणायची, आपणच काढू की वो डोळे, त्या बाया वाकडे काढतात. बाप म्हणायचा, आपण हत्ती करायचा, त्यानं कुणाकडं बघायचं ते त्या घरानं ठरवावं. मला पटायचं न्हाय. चांगल्या हत्तीला कुणी तरी येऊन बटबटीत डोळा करायचा आन आमी हात जोडून उभं ऱ्हायचं.

लगीन करून कसबे पिंपळीला आले, लोहाऱ्याच्या अलीकडं. नवऱ्याचं पेठेत दुकान, खोगिरं शिवायचा, पत्र्याच्या ट्रंका करायचा, त्यावर फुलं काढायचा. लग्नाच्या भिंतीचं काम यायचं तेबी घ्यायचा. त्याचा हात जड होता. भिंतीला तो नुसत्या रेघा मारायचा, चित्र म्या काढायची आन नाव त्याचं व्हायचं. माणूस बरा होता, मारत न्हवता, अजून काय पाहिजे.

निजामाचं राज गेलं, त्याच्या दुसऱ्या साली नवरा विषमज्वरानं गेला. लेक शांता, तीन वर्षांची. नवरा गेल्यावर लोक रडायला आले तेव्हाच मला कळलं होतं की भिंती बी गेल्या. विधवा बाईचा हात लग्नाच्या भिंतीला कोण लावू देतंय. कुणी तोंडावर बोललं न्हाय, पण बोलावणं आलं न्हाय. त्याच हातानं काढलेले हत्ती गावात दहा घरांवर होते, ते चालत होते, कारण ते नवऱ्याचे म्हणून लोकाला ठावं होतं. म्या वाकळा शिवल्या, लोकांची घरं सारवली, चुना मारला. चुना मारायला विधवा चालते. पांढरी भिंत करून द्यायची आन घरी यायचं, मग दुसऱ्या गावचा रंगारी येऊन तिच्यावर हत्ती काढायचा. जाता येता म्या ते हत्ती बघायची. डुकरं.

आता पेठेचं सांगते. पेठ म्हणजे काय तर एक गल्ली, वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत. दोन्ही अंगाला दुकानं, फळ्यांची दारं, म्होरं कट्टे, मागं घरं. आधी मंगळवारच्या बाजाराला त्या गल्लीतनं बैल घालायला जागा नसायची. मग नवी सडक झाली, ती गावाबाहेरनं गेली. सडकेवर मोटारी थांबायला लागल्या, तिथं च्याची टपरी झाली, टपरीपशी पानाचं दुकान, मग कापडाचं. बाजार बी सडकंच्या माळावर भरायला लागला. माणिकशेठ म्हणून पेठेतला मोठा कापडवाला, त्यानं फळ्या लावल्या, कुलूप घातलं आन सडकेवर पत्र्याचं दुकान टाकलं. त्याच्या मागं एकेक जण गेला. पेठेत ऱ्हायले कोण, तर शिवाप्पा, त्यो बी कापडवालाच पण लहान, त्याची बायको गौराक्का, मकबूलमामू बांगडीवाले, दोन कासार, एक भुसारी, आन म्या, जिला जायला दुसरीकडं जागाच न्हवती.

माणिकशेठचं बंद दुकान माझ्या घराला लागून. बंद दुकानाच्या भिंतीचं गावात काय होतं, ते तुमाला ठावं हाय. पुरुष माणसं उभं ऱ्हाऊन मुतायची. सकाळी मुतायची, दुपारी मुतायची, माझ्या चुलीपशी वास. म्या शिव्या दिल्या, राख टाकली, बोराटी लावली. बोराटीवर मुतायची. आता देवाचं चित्र काढावं तर विधवेनं देव काढला म्हणून गाव अंगावर आलं असतं. मग म्या एक दिवस भिंत धुतली, चुना मारला आन काव कालवली. म्हटलं, हत्ती काढू, आन हत्तीम्होरं काठीवाला चोपदार काढू, मिशीवाला. काठी उगारलेला. बघू मग कोण धोतर वर करतंय.

तर बसलेली पेठ उभी करायची, गाव सुधारायचं, असं माझ्या मनात काय बी न्हवतं. आता पोरं विचारायला येतात, आजी तुमाला ही कल्पना कशी सुचली. वासानं सुचली.

सात वर्षांनी हात लावला होता. पाय काढले, पोट काढलं, सोंड आली तशी आली. डोळ्याची जागा सोडली. सवयीनं सोडली, आन भीतीनं बी सोडली. दोन हत्ती, दोन चोपदार, चारी आंधळे. पण काठ्या चांगल्या जाड होत्या, आन मुतणं थांबलं.

पुढल्या मंगळवारी काय झालं, कोराळ्या अंगाच्या एका वस्तीवरचे एक म्हातारे, रामजीआबा, बाजार करून पेठेतनं मारुतीला निघाले. माणिकशेठच्या भिंतीपशी थांबले. वर बघितलं, खाली बघितलं, आन तरातरा शिवाप्पाच्या कट्ट्याला आले. काठी आपटली. म्हणले, माणिकशेठच्या घरी लगीन झालं का रं. शिवाप्पा म्हणला, न्हाय की. म्हणले, खोटं बोलू नको, भिंत बघून आलो, हत्ती निघालेत, चोपदार निघालेत, माझ्या बापापासनं त्या दुकानाचं गिऱ्हाईक मी, आन मला अक्षद न्हाय? एक माणूस धाडता आला न्हाय? काय आमी जेवणाला जड झालो व्हय? शिवाप्पानं त्यांना बसवलं, पाणी दिलं, समजावून सांगिटलं की आबा, लगीन न्हाय, ती शेजारच्या सरूबाईनं मुतऱ्यांसाठी चित्रं काढलीत. म्हातारं लाजलं. एवढा तमाशा केला, आन आता नुसतं उठून कसं जावं. घसा खाकरला आन म्हणलं, धोतरजोडी दाखव बरं. घेतली. गौराक्कानं च्या दिला तो पिले आन गेले.

त्याच दिवशी अजून तिघं आले रुसून. एक बाई तर आहेराचं खण-नारळ घेऊनच आली, म्हणली बोलावलं न्हाय तरी आमी रीत सोडत न्हाय, हे धरा. ते नारळ कुणी धरायचं, दारावर कुलूप. आमच्याकडं माणूस एक वेळ उपाशी ऱ्हाईल पण अक्षद आली न्हाय हे सोसायचा न्हाय. सडकेवरनं पेठेत यायला कुणाला सवड न्हवती, पण भांडायला समद्यांना सवड होती. आन एकदा भांडायला आलं, कट्ट्यावर बसलं, पाणी पिलं, की हातासरशी काय तरी घेऊनच उठायचं. कुणी खण, कुणी बांगड्या, कुणी तांब्या.

शिवाप्पा साधा दिसायचा पण वाणी होता. तिसऱ्या मंगळवारी माझ्या दारात आला. म्हणला, सरूबाई, माझ्या भिंतीला बी दोन हत्ती काढ. म्या म्हटलं, तुझ्या घरी कुणाचं लगीन? म्हणला, कुणाचं न्हाय, त्येच तर. मागनं गौराक्का आली. ती कडक बाई, कपाळावर इबूत आन त्यात ठसठशीत कुंकू, तोंड तिखट. नवऱ्याला म्हणली, अय्यो शिवा, डोकं फिरलं का तुमचं, माझ्या दारावर ही हत्ती काढणार? माझं कुंकू शाबूत हाय अजून. म्या म्हटलं, गौराक्का, म्या न्हाय आले तुझ्या दारात, तुझा नवरा आलाय माझ्या. ती फणकाऱ्यानं गेली.

तेवढ्यात माणिकशेठला कळलं. तो आला सडकेवरनं, छत्री घेऊन. भिंत बघितली आन मला हाक मारली. म्हणला, माझ्या भिंतीवर कुणाच्या हुकमानं काढलंस? विधवेच्या हातचे लग्नाचे हत्ती, ते बी आंधळे, माझ्या वास्तूला अपशकुन झाला, धुवून टाक. म्या म्हटलं, धुते, पण पहिल्यांदा तुमी आठ दिवस इथं ऱ्हा आन वास घ्या. तो काय ऐकतोय. सडकेवर जाऊन त्यानं बोलायला सुरुवात केली की पेठेत विधवेच्या हातची चित्रं हायत, जो कुणी तिथं लग्नाचा बस्ता बांधंल त्याच्या पोरीचं काय खरं न्हाय. बस्ता म्हणजे लग्नाचं समदं कापड एका दिवशी, दोन्हीकडची माणसं घेऊन जाऊन घ्यायचं. कापडवाला जगतो तो बस्त्यावर. हे ऐकलं आन शिवाप्पाच्या दुकानात जी चार माणसं यायला लागली होती ती बी बिचकली.

मग पारावर बैठक बसली. पेठेतले समदे, माणिकशेठ, आन म्या एका अंगाला उभी. बाईनं बसायचं न्हाय. विषय येवढाच की चित्रं धुवायची का ठेवायची. म्या तिथं उभी ऱ्हाऊन एकच विचार करत होते, धुवायला लावतील, आन यानंतर माझा हात कुठल्याच भिंतीला लागायचा न्हाय, मरेपर्यंत चुना. पेठेचं काय होईल याची मला तितकी फिकीर न्हवती, खोटं कशाला बोलू. मला भिंत पाहिजे होती.

माणिकशेठ बोलला, शिवाप्पा बोलला, एकमेकाचं काढलं. मकबूलमामू गप बांगड्यांच्या माळा ओवत बसले होते, काम कधी सोडायचे न्हाईत. त्यांचं बोलणं दखनी, आर्धं मराठी. ते म्हणले, शेठ, एक बात बोलूं? त्या हत्तीला डोळे हायत का? शेठ म्हणला, न्हाईत, त्येच तर म्हणतोय मी. मामू म्हणले, तुमारेच रीत में हाय ना, डोळा उघडल्याबिगर लगीन न्हाय. आंखाच नै तो शादी काय की? आन शादी न्हाय तर अपशकुन काय का? ये तो खाली, नुसता हत्ती हाय. बाईनं हत्ती काढला, हत्ती कोई भी काढ सकता. डोळा काढंल तो बोलो.

पारावरचा गुरव हसला, म्हणला, मामू, तुमाला वकील करायला पाहिजे होतं. मग ठरलं असं, की सरूबाईनं पाहिजे तेवढी चित्रं काढावीत, पण डोळ्याला हात लावू नये. म्या मान हलवली. मला भिंत मिळाली, डोळे न्हाईत. आर्धं तर आर्धं.

त्या उन्हाळ्यात म्या पेठ रंगवली. वेशीपासनं पारापर्यंत, उघडी दुकानं, बंद दुकानं, बंद दुकानाच्या फळ्या. भुसाऱ्याच्या दारावर मोर काढले, कासारांच्या दारावर घोडे, मामूच्या दुकानावर त्यांनी जिवंत काढू नको म्हणून सांगिटलं, तिथं नुसती वेल आन अनार काढले, ते काम माझं सगळ्यात बारीक झालं. शांता रंग कुटायची. दुकानदारांनी ज्वारी दिली, शिवाप्पानं एक लुगडं दिलं. शिवाप्पाच्या दारावर हत्ती काढताना गौराक्का उंबऱ्यात उभी ऱ्हाऊन बघायची. एकदा म्हणली, कान लई मोठा झालाय. म्या म्हटलं, हत्तीचा हाय, तुझा न्हाय. ती आत गेली, पण थोड्या वेळानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

झालं काय, की समदी पेठ चित्रांची आन एकाला बी डोळा न्हाय. खेड्यापाड्यांत नाव झालं. आंधळ्या हत्तींची पेठ. माणसं बघायला यायला लागली. बायका लेकरांना कडेवर घेऊन यायच्या, बोट दाखवायच्या, बघ, ह्याला दिसत न्हाय, याला डोळा न्हाय. माणिकशेठ म्हणत होता त्यो अपशकुन काय कुणाला दिसंना. तरी बस्ता कोण बांधंना. बघायला यायचे, खण घ्यायचे, बांगड्या भरायचे, पण बस्ता म्हटलं की सडकेवर. लग्नाच्या गोष्टीत माणूस जपून असतो.

तो पहिला बस्ता त्या रामजीआबांनी बांधला, धोतरजोडीवाल्यांनी. नातीचं लगीन ठरलं. लोक म्हणले, कशाला तिकडं, आबा म्हणले, मी तिथं एकदा हसं करून घेतलंय, आता मान करून घेतो. दोन गाड्या भरून माणसं आली. दिवसभर शिवाप्पाच्या गादीवर लुगडी पडत होती, गौराक्का च्या करून थकली. निघायच्या टायमाला नवरीची आई दारात थांबली, हत्तीकडं बघितलं आन म्हणली, एवढा बस्ता बांधला या दारात, आन ह्याला दिसंना व्हय? माझ्या पोरीच्या लग्नाचं कापड गेलेलं ह्यानं बघितलं पाहिजे. गौराक्का, काजळ आण. म्या माझ्या कट्ट्यावर वाकळ शिवत होते, उठले न्हाय. तिनं काडी घेतली, बुडवली आन एक डोळा काढला. एकच, आडव्या हत्तीला दिसतो तो एकच डोळा, तेवढा एका बाजूचा हत्ती तिचा. वाकडा काढला, पण काढला.

मग रीतच पडली. जो बस्ता बांधंल, त्याच्या घरच्या सवाशिणीनं एक डोळा उघडायचा. लोक डोळा उघडायला म्हणून बस्ता बांधायला यायला लागले. म्हणायचे, आमचा डोळा कुठला, तर तो कासारांच्या घोड्याचा. लग्नानंतर पोरगी माहेरी आली की नवऱ्याला दाखवायला आणायची, ह्यो आईनं उघडलेला. दोन सालांत निम्मी पेठ डोळस झाली. मंगळवारी पुन्हा बैल घालायला जागा न्हाय. बंद फळ्या निघाल्या. तिसऱ्या साली माणिकशेठ बी आला, कुलूप काढलं, झाडलं. दिवसभर माझ्याकडं बघितलं न्हाय. संध्याकाळी कट्ट्यावर येऊन म्हणला, डावीकडच्या हत्तीचा दात जरा आखूड वाटतोय. म्या म्हटलं, पावसानं धुपलाय, करते. एवढंच आमचं बोलणं. त्यातच समदं मिटलं.

समदं चांगलं झालं म्हणाल. झालं. पण म्या रोज त्या गल्लीतनं जायची आन ते डोळे बघायची. एक वर, एक खाली. एक वाटाण्याएवढा, एक रुपयाएवढा. राघूला डोळा घातला तो चोचीवर. काजळ ओघळलेलं. माझे हत्ती समदे तिरळे, चकणे, रडके. बापाचं खरं होतं का माझं खरं होतं कळंना. हात शिवशिवायचा. पण शब्द दिला होता. एकच चित्र म्या कोरं राखून ठेवलं होतं, माणिकशेठच्या भिंतीवरचा पहिला हत्ती, डावीकडचा. त्याच्यापशी कुणाला म्या काजळ नेऊ दिलं न्हाय. म्हणायची, त्यो शांताच्या लग्नाचा. माणिकशेठ बी म्हणायचा, भिंत माझी, हत्ती तिचा.

शांता पंधरा-सोळाची झाली, स्थळ आलं ढोकीच्या बाजूचं. मुलगा तालुक्याला शिपाई. लगीन पेठेतच करायचं ठरलं, माझ्या आन माणिकशेठच्या दाराम्होरं मांडव. हळदीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन त्यांच्या बाया आल्या, पुढं विहीण, ठुसकी, जाड, गळ्यात बोरमाळ. समद्या पेठेतल्या बाया जमल्या. डोळा उघडायचा. कुणी उघडायचा, तर मी आई, पण मी चालत न्हाय. ते सांगायची गरज कुणाला न्हवती, म्या आपली मांडवाच्या कडंला मेढीला धरून उभी. गौराक्का सगळ्यात थोर सवाशीण, तिला म्होरं केलं. काजळाची वाटी, शिंदीची नवी काडी, ती म्याच चेचून ठेवली होती.

गौराक्काला तोपर्यंत दिसायला कमी झालं होतं. कबूल करायची न्हाय. हात वर केला, काडी टेकवली, आन टेकवली ती गालावर. म्हणजे हत्तीच्या गालावर, डोळ्याच्या जागेच्या चार बोटं खाली. काजळ जास्त झालेलं, ते ओघळायला लागलं. बाया म्हणल्या, वर, वर घ्या. तिनं वर घेतलं तर ते कानाकडं गेलं. हत्ती असा दिसायला लागला की कुणी तरी मुस्काटात मारलीय.

काय सांगू तुमाला. तेव्हा माझ्या मनात विधवा, सवाशीण, शब्द, पार, काय बी आलं न्हाय. लोक आता म्हणतात तुमी लई धीराचं काम केलं. धीर कसला. माझा सगळ्यात पहिला हत्ती, सात वर्षांनी काढलेला, आन ती त्याचं वाटोळं करत होती. म्या मेढ सोडली, मधनं गेले, गौराक्काला म्हटलं, सरक. तिच्या हातातली काडी घेतली, पदरानं ओघळ पुसला, चुन्याचं बोट फिरवलं, आन डोळा काढला. वरची पापणी एका दमात, खालची एका दमात, मधी बुबुळ, बुबुळात पांढरा ठिपका सोडला. मग मागं सरून बघितलं. बरोबर होता.

आन मग मांडवाकडं वळले. शांताच्या अंगाला हळद लावायला घेतली होती ती बाई हात तसाच धरून बसलेली. शांता माझ्याकडं बघत होती, तिचं तोंड पांढरं पडलं होतं. आता मला भीती वाटली. स्वतःची न्हाय, मला काय होणार होतं, पण त्या ठुसकीनं आत्ता उठून हळदीचं ताट उचललं आन चालू लागली तर पोरीचं काय. हातातली काडी टाकावी का ठेवावी कळंना.

गौराक्का पहिली बोलली. मोठ्यानं, मांडवभर ऐकू जाईल असं. म्हणली, डोळा म्या उघडला. माझी काडी पहिली टेकली, समद्यांनी बघितलं. हिनं नुसता सारखा केला. सारखा करायला काय सवाशीण लागती व्हय? सारवायला लागती का? चुना मारायला लागती का? आन मग माझ्याकडं वळून हळू म्हणली, सरक म्हणलीस मला. माझ्याच काडीनं.

बाया विहिणीकडं बघत होत्या. विहीण हत्तीकडं बघत होती. लई वेळ बघितलं तिनं. मग उजवीकडं सरकली, पुन्हा बघितलं. डावीकडं सरकली. म्हणली, अगंबाई, ह्यो तर जाल तिकडं बघतोय. मग हळदीवालीला म्हणली, तू काय बघत बसलीस, हात चालव, ऊन वर यायला लागलं. झालं. हळद लागली.

त्यानंतर ते असं झालं, की बस्ता बांधणारी बाई डोळा उघडायची आन मागं वळून हाक मारायची, सरूबाई, जरा सारखा करा वो. म्या जायची, पुसायची, सारखा करायची. उघडायचा मान त्यांचा, सारखा करायचं काम माझं. जुने बी सगळे एकेक करून सारखे केले, कुणी बोललं न्हाय. मग खेड्यांतनं बोलावणी यायला लागली. भिंत काढायला म्हणून न्हाय, सारखी करायला म्हणून. तिथला रंगारी डुक्कर काढून गेलेला असायचा, त्याचा हत्ती करायची. पायापासनं.

शांताचं काय झालं विचाराल. काय बी झालं न्हाय. चार लेकरं झाली, विहिणीबरोबर वीस वर्षं भांडली, नवरा पेन्शनीत निघाला, अजून खोकतोय, जिता हाय. ज्यांचे डोळे शुद्ध सवाशिणींनी उघडले त्यांच्यातल्या काही रांडवल्या, काही टाकल्या गेल्या, काही बऱ्या ऱ्हायल्या. हत्तीचा त्यात काय दोष न्हाय. गौराक्का पुढं विधवा झाली. दिवस झाल्यावर म्या गेले तर म्हणली, आता मला बी सारखं करायचंच काम ऱ्हायलं गं. दिसत तर न्हाय. म्या म्हटलं, रंग कुट बसून. शेवटची दोन-तीन वर्षं माझ्या कट्ट्यावर बसून काव कुटायची आन मला नावं ठेवायची.

आता पेठेत कुठलं काय. कट्टे गेले, सिमेंट आलं, लोखंडी शटरं आली. शटरावर हत्ती काढावा तर वर केलं की हत्ती गुंडाळून जातो. परवा कुणी तरी पोरं आली होती डब्यातला रंग घेऊन, आजी, पेठेत पुन्हा चित्रं काढायची हायत, दाखवा. म्या म्हटलं, काढा, पायापासनं काढा. त्यांनी मोबाइलमधला हत्ती बघून सोंडेपासनं काढला. चालायचंच. माणिकशेठच्या नातवानं तेवढी एक भिंत पाडली न्हाय. डावीकडचा हत्ती हाय अजून, पाठ धुपलीय, दात गेलाय, डोळा टिकलाय. काजळात मी डिंक जास्त घालायची.

मला बी दिसंना झालं होतं. मागच्या थंडीत लोहाऱ्याला शिबिराला नेलं, मोतीबिंदू काढला. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी सोडायला एक डॉक्टरीण आली, पोरसवदा, हात गार. म्हणली, आजी, उघडा हळूहळू. उघडला. पहिल्यांदा तिचंच तोंड दिसलं. तिचं लगीन झालंय का, नवरा हाय का न्हाय, म्या काय विचारलं न्हाय. काम बरोबर केलं होतं. म्हटलं, बाई, तुझं भलं होवो, दुसरा बी कर.